आल्प्समध्ये मुक्कामाचं गाव कसं निवडायचं: आखणी उद्याच्या सकाळपासून

आल्प्समधल्या रोड ट्रिपची आखणी बहुतेक जण अशी करतात: नकाशावर नावाजलेल्या घाटमाथ्यांवर खुणा करायच्या, त्या एका रेषेने जोडायच्या आणि त्या रेषेवर जिथे संध्याकाळ होईल तिथलं जवळचं हॉटेल घ्यायचं. सह्याद्रीत हे खपून जातं. आंबा घाट उतरलात की साखरपा येतं, कुंभार्ली उतरलात की चिपळूण, आणि तिथे रात्री दहालाही गरम जेवण मिळतं. आल्प्समध्ये एकेक घाट हजार-दीड हजार मीटर चढतो आणि तेवढाच उतरतो, वाटेत वस्ती जवळजवळ नसते आणि खालच्या गावातलं स्वयंपाकघर रात्री साडेआठला बंद होतं. तिथे मुक्काम चुकला की एका रात्रीबरोबर पुढचा अख्खा दिवस हातचा जातो.

म्हणून रात्र कुठे काढायची हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. पहिला प्रश्न असा विचारा: उद्या सकाळी सात वाजता मला कोणत्या घाटाच्या पायथ्याशी असायचं आहे? त्याचं उत्तर मिळालं की मुक्कामाचं गाव बहुतेक वेळा आपोआप ठरतं.

सकाळीच का, याला तीन कारणं आहेत. जून ते ऑगस्टमध्ये उन्हाने दऱ्या तापतात, दमट हवा वर चढते आणि दुपारपर्यंत शिखरांभोवती ढग जमतात. दुपारी तीन-चारनंतर गडगडाटी पाऊस ही तिथली रोजचीच शक्यता असते. दुसरं, दहा वाजल्यापासून घाटात मोटारसायकलींचे ताफे, कॅराव्हॅन आणि पर्यटक बस सुरू होतात आणि माथ्यावरची पार्किंगची जागा भरून जाते. तिसरं, सकाळचं तिरपं ऊन. हिमनदीवरच्या भेगा आणि कड्यांचे थर त्या उन्हात जसे दिसतात तसे भर दुपारी दिसत नाहीत.

पहिली पायरी: घाट कोणत्या दिशेने चढायचा ते ठरवा

नकाशात हे लिहिलेलं नसतं, पण सगळ्यांत जास्त फरक यानेच पडतो. साधा नियम असा: सकाळी पश्चिमेकडे जा, दुपारनंतर पूर्वेकडे परता. सूर्य पाठीशी राहतो, काचेवर झळ येत नाही आणि समोरचा डोंगर उजळलेला दिसतो. वळणावळणाच्या अरुंद रस्त्यावर डोळ्यांत ऊन येणं धोक्याचंही असतं.

स्वित्झर्लंडमधल्या तीन घाटांच्या प्रसिद्ध वर्तुळावर हे ताडून पाहू. फुर्का (२४२९ मीटर), ग्रिम्झेल (२१६४ मीटर) आणि झुस्टेन (रस्त्याची उंची २२२४ मीटर) हे तीन घाट मिळून साधारण १२० किलोमीटरचं वर्तुळ होतं. नुसती गाडी चालवायला तीन तासांच्या आसपास लागतात, पण थांबे धरले तर पूर्ण दिवस. या वर्तुळासाठी मुक्कामाचे दोन सरळ पर्याय आहेत: पूर्वेकडचं अँडरमॅट, सुमारे १४४० मीटर उंचीवर, आणि पश्चिमेकडचं मायरिंगेन, सुमारे ६०० मीटरवर. मायरिंगेन मोठं आहे, तिथे दुकानं जास्त आहेत, रेल्वे आहे, हवा उबदार आहे. पहिल्यांदा जाणारा माणूस तेच निवडेल.

पण दिशा पाहा. अँडरमॅटहून सकाळी निघालात तर होस्पेंटाल, रेआल्प करत पश्चिमेला फुर्का चढता, सूर्य पाठीमागे. माथा ओलांडून थोडं उतरलं की बंद पडलेलं जुनं हॉटेल बेल्वेदेअर आणि त्याच्या शेजारी ऱ्होन हिमनदी. बर्फ वितळू नये म्हणून हिमनदीच्या कडेवर पांढरी कापडं अंथरलेली दिसतात, तो भाग थांबून पाहावा असा आहे. तिथून खाली ग्लेचला रस्ता दुभंगतो आणि उजवीकडची वळणं ग्रिम्झेलच्या माथ्यावर नेतात. पलीकडे धरणांच्या कडेकडेने उत्तरेला उतरत इनर्टकिर्शेनला जेवणाच्या वेळी पोचता. दुपारी तिथून पूर्वेला वळून झुस्टेन चढता, पुन्हा सूर्य पाठीशी आणि समोर उजळलेला श्टाइन हिमनदीचा परिसर. झुस्टेन ओलांडून वासेनला उतरलात की शोलेनेनच्या घळीतून अँडरमॅट दहा-अकरा किलोमीटरवर.

मायरिंगेनहून हेच वर्तुळ केलंत तर? सकाळी झुस्टेनला जाल तर सूर्य थेट डोळ्यांत. उलट दिशेने ग्रिम्झेलपासून सुरुवात केलीत तर शेवटी संध्याकाळी झुस्टेनवरून पश्चिमेला परतताना सूर्य डोळ्यांत. दोन्हीकडून अडचण आहेच. त्यामुळे महाग असलं तरी या वर्तुळासाठी माझं मत अँडरमॅटला. गेल्या दशकभरात तिथे आलिशान हॉटेलं उभी राहिली आणि दर चढले, हे खरं आहे. दर झेपत नसतील तर शेजारची होस्पेंटाल, रेआल्प किंवा घळीच्या खालची ग्योशेनेन ही लहान गावं पाहा. दिशेचा फायदा तसाच राहतो आणि अंतर दहा किलोमीटरच्या आतच वाढतं.

दुसरी पायरी: गावातून बाहेर पडायला घाट नसलेला एक तरी रस्ता हवा

आल्प्सचे उंच घाट जूनमध्येही अचानक बर्फ पडून तात्पुरते बंद होऊ शकतात. दरड, अपघात, सायकल शर्यत ही कारणं वेगळीच. अशा वेळी ज्या गावाच्या दोन्ही बाजूंना घाट आहेत तिथे तुम्ही अडकता.

अँडरमॅटला चार वाटा फुटतात. पश्चिमेला फुर्का, दक्षिणेला गोटहार्ड (२१०६ मीटर), पूर्वेला ओबरआल्प (२०४४ मीटर) आणि उत्तरेला शोलेनेनच्या घळीतून ग्योशेनेनकडे उतरणारा रस्ता. हा चौथा रस्ता माथा ओलांडत नाही, त्यामुळे वरचे तिन्ही घाट बंद असले तरी तुम्ही खाली महामार्गावर पोचता. फुर्का बंद असेल तर रेआल्पहून ओबरवाल्डला गाड्या वाहून नेणारी रेल्वे आहे. १९८२ साली सुरू झालेल्या सुमारे १५ किलोमीटरच्या बोगद्यातून ती जाते आणि तुम्ही गाडीत बसूनच पलीकडे उतरता.

चार वाटांचा आणखी एक फायदा आहे. आल्प्सचा मुख्य कणा हवामानाची सीमा असतो. उत्तरेकडून ढग आले की उत्तर उतारावर पाऊस आणि दक्षिणेला तिचिनो प्रांतात लख्ख ऊन, असं पुष्कळदा होतं. कधी नेमकं उलट. अशा सांध्यावर मुक्काम असेल तर सकाळी वेबकॅम पाहून दिशा बदलता येते: पश्चिमेला ढग असतील तर गोटहार्डवरून आयरोलोकडे उतरा आणि परतताना ट्रेमोलाच्या जुन्या दगडी फरसबंदीच्या वळणांवरून चढा. आरक्षण तेच राहतं, दिवस वाचतो.

याच्या उलट उदाहरण ग्लेचचं. सुमारे १७६० मीटरवर फुर्का आणि ग्रिम्झेल जिथे मिळतात तिथली ही चिमुकली वस्ती फोटोत अप्रतिम दिसते. पण तिच्या दोन वाटा घाटांच्या आणि तिसरी खाली ओबरवाल्डकडे. हवामान बिघडलं तर तुम्ही ऱ्होनच्या खोऱ्यात ढकलले जाता आणि परतीचं गणित बदलतं. वेळेची मोकळीक असेल तरच अशी जागा घ्यावी.

तिसरी पायरी: झोपायची उंची

माझ्या मते बहुतेक कुटुंबांसाठी १००० ते १५०० मीटर ही उत्तम पातळी. दर शंभर मीटर चढलं की तापमान साधारण ०.६ अंशाने उतरतं, म्हणजे अँडरमॅटपेक्षा फुर्काचा माथा सहाएक अंशांनी गार. गाव १४०० मीटरवर असेल तर ऑगस्टमध्येही रात्री स्वेटर लागतो पण झोप छान लागते. सकाळी माथा अर्ध्या तासाच्या अंतरावर असतो.

त्याहून खाली राहिलात तर घाटाचा चांगला वेळ खोऱ्यातल्या गावांमधून, सिग्नल आणि ट्रॅक्टर पार करण्यात जातो. त्याहून वर, २००० मीटरच्या पुढे, काहींना पहिल्या रात्री डोकेदुखी होते, झोप तुटक लागते. वयस्कर मंडळी, लहान मुलं किंवा हृदयाचा, श्वसनाचा त्रास असलेलं कोणी बरोबर असेल तर भारतातून उतरल्यावरच्या पहिल्या दोन रात्री खालीच काढाव्यात आणि उंचीबद्दल निघण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलून घ्यावं.

उंचीइतकंच महत्त्वाचं म्हणजे खोऱ्याचा आकार. लाउटरब्रुनेनसारखं गाव उभ्या कड्यांच्या मध्ये बसलेलं आहे. तिथे ऊन उशिरा येतं आणि लवकर जातं. अँडरमॅटचं उर्झेरेन खोरं त्यामानाने उघडं आहे. नकाशावर समोच्च रेषा गावाच्या दोन्ही बाजूंना दाट चिकटून असतील तर पंचांगातला सूर्योदय तिथे लागू होत नाही.

घाटमाथ्यावर झोपावं का?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, आणि मोह खरा आहे. संध्याकाळी सहानंतर दिवसभराची गर्दी उतरून जाते, रस्ता रिकामा होतो, रात्री आकाशगंगा दिसते आणि सकाळी दार उघडलं की थेट माथा. माझं उत्तर: एकदा जरूर, पण प्रवासाच्या मधल्या टप्प्यावर आणि एकच रात्र.

तीन जागा सांगतो, तिन्हींचा स्वभाव वेगळा. ग्रिम्झेलवर धरणाच्या पाण्याकडेला, खडकावर, १९८० मीटरवर ग्रिम्झेल होस्पिस आहे. या वाटेवरच्या आश्रयगृहाचा उल्लेख ११४२ सालापर्यंत मागे जातो. जुनी वास्तू धरणाच्या पाण्याखाली गेली, म्हणून वर नवी बांधली. आज ते चांगलं, महाग हॉटेल आहे. गोटहार्डच्या माथ्यावरही जुन्या होस्पिसच्या इमारतीत राहता येतं. पूर्वी खेचरांच्या तांड्यांबरोबर येणारे व्यापारी आणि यात्रेकरू जिथे थंडीतून आसऱ्याला येत, तिथेच आपण झोपतो याचं मला अप्रूप वाटतं. दुसरी जागा इटलीतला स्टेल्व्हिओ, २७५७ मीटर. १८२० ते १८२५ दरम्यान अभियंता कार्लो दोनेगानी यांनी बांधलेल्या या रस्त्याला प्रातो गावाच्या बाजूने ४८ क्रमांकित वळणं आहेत. माथ्यावर हॉटेलं आहेत, पण दिवसा तिथे दुकानं, सॉसेजच्या गाड्या आणि मोटारसायकली यांची जत्रा असते. शिवाय उंचीमुळे झोपेचं खात्रीने सांगता येत नाही. तिथे मी माथ्याऐवजी बोर्मिओ (१२२५ मीटर) किंवा वळणांच्या पायथ्याजवळचं त्राफोई (सुमारे १५४० मीटर) सुचवेन. त्राफोईहून सकाळी निघालात तर वळणांचा सगळ्यांत देखणा भाग रिकामा मिळतो.

तिसरी जागा ऑस्ट्रियातला ग्रोसग्लॉकनर रस्ता. १९३५ साली खुला झालेला, ४८ किलोमीटरचा, टोल असलेला. याच्या बाबतीत एक गोष्ट ठळकपणे लक्षात ठेवा: हा रस्ता रात्री बंद होतो, आणि शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या बराच आधी असतो. संध्याकाळी उशिरा फाटकाशी पोचलात आणि हॉटेल पलीकडच्या बाजूला असेल तर डोंगराला मोठा वळसा घालावा लागतो. माथ्यावर, एडेलवाइसश्पिट्झेवर, राहण्याची सोय आहे आणि तिथली सकाळ अप्रतिम असते. पण बहुतेकांसाठी दक्षिणेकडचं हायलिगेनब्लूट (सुमारे १२९० मीटर) अधिक शहाणपणाचं. कायझर-फ्रान्झ-योझेफ्स-होहे या सज्जावरून पास्टर्झे हिमनदी आणि ३७९८ मीटरचा ग्रोसग्लॉकनर आपण साधारण पश्चिमेकडे तोंड करून पाहतो, म्हणजे सकाळी ऊन आपल्या पाठीमागून शिखरावर पडतं. दुपारनंतर तेच शिखर उन्हाच्या विरुद्ध बाजूला काळपट दिसतं. उत्तरेच्या झेल आम झेहून निघणारे लोक थांबत थांबत तिथे जेवणाच्या सुमारास पोचतात. हायलिगेनब्लूटहून तुम्ही सकाळीच पोचलेले असता.

माथ्यावर मुक्काम करणार असाल तर तीन गोष्टी आधी विचारा: रात्रीचं जेवण दरात धरलेलं आहे का (आसपास दुसरी जागा नसते), स्नानगृह खोलीतच आहे की सामाईक, आणि घाट अचानक बंद झाला तर पैसे परत मिळतात का.

डोलोमाइट्समध्ये नियम बदलतो

इटलीतल्या या डोंगररांगेत संध्याकाळही तितकीच मोलाची. डोलोमाइट्सचे फिकट खडक सूर्यास्ताला गुलाबी, मग नारिंगी, मग जांभळे होतात. स्थानिक लादिन भाषेत त्याला एनरोसादिरा म्हणतात. म्हणजे माथ्यावर दोनदा जायचं असतं, सकाळी आणि संध्याकाळी, आणि त्यासाठी गाव माथ्यापासून दहा-पंधरा किलोमीटरच्या आत हवं.

सेल्ला पर्वताभोवतीचं चार घाटांचं वर्तुळ (पोर्दोई २२३९ मीटर, गार्देना २१२१, काम्पोलोंगो १८७५ आणि सेल्ला) घ्या. याच्या कडेने कोर्वारा, अराब्बा, कनाझेई, सेल्वा ही गावं आहेत, सगळी साधारण १४५० ते १६०० मीटरच्या पट्ट्यात. माझी पसंती कोर्वारा. गार्देनाचा माथा तिथून दहाएक किलोमीटरवर, काम्पोलोंगो त्याहून जवळ.

आता एक बारीक पण खरा अडथळा. इथली बरीच हॉटेलं रात्रीच्या जेवणासकट दर लावतात आणि जेवणाची वेळ सात-साडेसात ठरलेली असते. जूनअखेर सूर्यास्त नऊच्या सुमारास होतो, त्यामुळे जेवून माथ्यावर जाता येतं. सप्टेंबरच्या मध्यावर मात्र सूर्यास्त आणि सूप एकाच वेळी येतात. सप्टेंबरात जाणार असाल तर नुसत्या न्याहारीचा दर घ्या, बेकरीतून पाव-चीज आणून ठेवा आणि संध्याकाळ मोकळी ठेवा.

दक्षिण टिरोलमध्ये प्रत्येक गावाला इटालियन आणि जर्मन अशी दोन नावं असतात, लादिन खोऱ्यांत तिसरंही. प्रातो म्हणजेच प्राड, सेल्वा म्हणजेच वोल्केनश्टाइन. आरक्षण करताना हॉटेलचा पिनकोडसह पूर्ण पत्ता घ्या आणि जीपीएसला तोच द्या, नुसतं गावाचं नाव नव्हे.

चौथी पायरी: दिवसाचं अंतर आणि पोचायची वेळ

घाटात ताशी ४० किलोमीटर हा सरासरी वेग धरा, आणि जितका वेळ चालवण्याचा तितकाच थांबण्याचा. म्हणजे १२० ते १५० किलोमीटरचा दिवस भरगच्च समजायचा. मोबाइलवरचा नकाशा बहुधा बोगद्याचा रस्ता सुचवतो: आयरोलोहून उत्तरेला जायचं म्हटलं की तो तुम्हाला सुमारे १७ किलोमीटरच्या गोटहार्ड बोगद्यात घालेल. घाटावरून जायचं असेल तर माथ्यावर मधला थांबा टाकून मग वेळ पाहा. जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी त्या बोगद्याच्या तोंडाशी लांबच लांब रांगा लागतात, त्यामुळे त्या दिवशीचा मुक्काम बोगद्याच्या पलीकडे ठेवू नका.

गावात पाच-सहापर्यंत पोचा. लहान हॉटेलांचा स्वागतकक्ष संध्याकाळी रिकामा असतो. उशीर होणार असेल तर फोन करून किल्लीच्या पेटीचा क्रमांक घ्यावा लागतो. स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियात रविवारी दुकानं बंद असतात आणि शनिवारी लवकर मिटतात, त्यामुळे दूध, फळं, पाव शनिवारी दुपारीच घ्या. रेल्वे स्थानकातली आणि पेट्रोल पंपांवरची छोटी दुकानं हाच त्यानंतरचा आधार.

पाचवी पायरी: गाव ठरलं, आता घर

सगळ्यांत महागात पडणारी चूक आधी सांगतो. आल्प्समधली काही प्रसिद्ध गावं गाडीमुक्त आहेत. त्सेरमाटला गाडी नेता येत नाही. ती पाच किलोमीटर अलीकडे टेश इथे पैसे भरून ठेवायची आणि रेल्वेने जायचं. वेंगेन आणि म्युरेनसाठी गाडी खाली लाउटरब्रुनेनला राहते. सास-फेला ती गावाच्या वेशीवरच्या पार्किंगमध्ये ठेवावी लागते. अशा गावांत दोन-तीन रात्री राहणं सुखाचं आहे, पण एका रात्रीच्या घाटप्रवासात त्यांचा उपयोग नाही.

मग रस्ता. घाटाच्या मुख्य रस्त्यावरचं हॉटेल सोयीचं वाटतं, पण शनिवार-रविवारी मोटारसायकलींचा आवाज सकाळपासून असतो. एक गल्ली आत, नदीच्या बाजूची खोली मागा. चर्चच्या अगदी शेजारची खोली टाळा, कारण कित्येक गावांत घंटा रात्रभर तास वाजवते. पार्किंग हॉटेलचं आहे का आणि फुकट आहे का, हे आरक्षणाआधी पाहा. स्वित्झर्लंडमध्ये निळ्या रेषांच्या जागेत गाडीच्या काचेमागे घड्याळाची तबकडी लावावी लागते, ती भाड्याच्या गाडीत आहे का ते घेतानाच तपासा.

विजेची गाडी असेल तर रात्रभर चार्जिंगची सोय असलेलं हॉटेल घ्या. फक्त माथ्यावर किंवा उंचावर राहणार असाल तर बॅटरी पूर्ण भरू नका. भरलेल्या बॅटरीला उतारावरची ऊर्जा परत साठवता येत नाही आणि मग सगळा भार ब्रेकवर येतो. पेट्रोल-डिझेलच्या गाडीत उतार खालच्या गिअरमध्ये उतरायचा, हे आपल्या घाटांत शिकलेलं इथेही लागू. आणि अरुंद रस्त्यावर साधारणपणे चढणाऱ्या गाडीला आधी वाट. पिवळ्या तुतारीचं चित्र असलेली निळी पाटी असलेल्या स्विस रस्त्यांवर मात्र पोस्टाच्या पिवळ्या बसचा शब्द शेवटचा: तिचा तीन सुरांचा भोंगा ऐकू आला की थांबा आणि चालक सांगेल तसं करा.

शाकाहारी मंडळींसाठी मुक्कामाचं गाव निवडतानाच जेवण पाहायला हवं, कारण लहान गावात एकच खानावळ असते आणि तीही आठवड्यातून एक-दोन दिवस, बहुधा सोमवार-मंगळवार, बंद. संकेतस्थळावर 'रूहेटाग' हा शब्द शोधा, तो सुट्टीचा वार. रोश्टी (किसलेला बटाटा परतून), आल्प्लरमाग्रोनेन (मॅकरोनी, बटाटा, चीज, कांदा, वर सफरचंदाचा गर), केझेश्पेट्झले (चीज घातलेल्या पिठाच्या शेवया), तिचिनोत पोलेंता (मक्याच्या पिठाची उकड), टिरोलमध्ये पालकाचे क्नोडल (पावाचे उकडलेले गोळे) हे पदार्थ मांसाशिवाय मिळतात, पण पहिल्या तिन्हींत कधी कधी डुकराच्या मांसाचे तुकडे असतात आणि सूप बहुधा मांसाच्या पाण्यात केलेलं असतं. 'ओने फ्लाइश, ओने श्पेक' म्हणजे मांस नको, श्पेक (खारवलेलं डुकराचं मांस) नको, एवढं सांगता आलं तर काम होतं. आरक्षणाच्या मेलमध्येही आधीच लिहा. डोंगरातल्या यजमानांना आधी कळलं तर ते मनापासून करून देतात.

स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट आपल्याला आवडतं, आमटी-भात होतो. पण हंगामात अशी घरं बहुधा शनिवार ते शनिवार आठवड्यासाठीच देतात आणि साफसफाईचे पैसे वेगळे घेतात. एका रात्रीसाठी तो दर परवडत नाही. म्हणून घाट बदलत जाणाऱ्या प्रवासात हॉटेल किंवा गास्टहाउस, आणि तीन-चार रात्री एका जागी राहणार असाल तरच अपार्टमेंट. फोडणीआधी खिडकी उघडा आणि पंखा लावा, धुराचे गजर फार संवेदनशील असतात.

सहावी पायरी: तारीख

फुर्का, ग्रिम्झेल, झुस्टेन साधारण जूनपासून ऑक्टोबरपर्यंत खुले असतात, उघडण्याची तारीख त्या वर्षीच्या बर्फावर अवलंबून. इथे एक सापळा आहे. बरीच डोंगरी हॉटेलं ईस्टरनंतर जूनपर्यंत आणि ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत सुट्टी घेतात. मेअखेर किंवा ऑक्टोबरच्या शेवटी घाट खुला आणि गावातलं सगळं बंद, असं होऊ शकतं. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी उंच घाट यादीतून वगळून खोऱ्यातल्या मोठ्या गावांत मुक्काम ठेवावा. भाड्याच्या गाडीला हिवाळी टायर मागून घ्यावेत. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात हिवाळी परिस्थिती असेल तर ते बंधनकारकच आहेत.

१ ऑगस्टचा स्विस राष्ट्रीय दिन आणि १५ ऑगस्टच्या आसपासचा इटालियन सुट्टीचा आठवडा यांत खोल्या आधीच भरतात. मला विचाराल तर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा सर्वांत चांगला: शाळा सुरू झालेल्या, गडगडाट कमी, घाट उघडे, हॉटेलंही उघडी.

आरक्षण करताना आदल्या दिवसापर्यंत रद्द करता येईल असा दर घ्या, थोडा जास्त पडला तरी. हवामान पाहून दोन रात्रींची अदलाबदल करता येणं हीच डोंगरातली खरी चैन. दोन दिवस आधीपासून मेटिओस्विस या स्विस हवामान खात्याचा अंदाज, माथ्यावरचे वेबकॅम आणि घाट खुले-बंद असल्याची अधिकृत यादी पाहायला लागा.

आणि पोचल्यावर लगेच एक काम करा. न्याहारी बहुतेक ठिकाणी सात-साडेसातला सुरू होते, म्हणजे न्याहारी करून निघाल तर माथ्यावर साडेआठ-नऊ. साडेसहाला निघायचं असेल तर संध्याकाळीच बिल आणि प्रवासीकर चुकता करा, न्याहारी बांधून द्यायला सांगा आणि रात्री समोरचं दार कुलूपबंद होतं का, सकाळी बाहेर कसं पडायचं ते विचारून घ्या. पाव, चीज, उकडलेलं अंडं, सफरचंद अशी पिशवी बहुतेक यजमान रात्रीच फ्रिजमध्ये ठेवतात. थर्मासमध्ये चहा भरून घेतलात की फुर्काच्या माथ्यावरची न्याहारी गर्दीच्या तासभर आधी होते.